कार्ड नसलं तरी उपचार मिळतात : रायपुरातल्या निर्वासित कुटुंबांसाठी

‘आमच्या शेजारी सिंधहून आलेलं कुटुंब राहतं. आजी पडल्या, सरकारी दवाखान्यात नेलं, तर खिडकीवर आयुष्मान कार्ड मागितलं. ते त्यांना मिळतच नाही म्हणे. मग त्यांनी जायचं कुठे?’ रायपूरच्या मराठी वाचकांकडून हा प्रश्न वेगवेगळ्या शब्दांत सारखा येतो. जरीपटक्यात अशी कुटुंबं बरीच असल्याने हल्ली तो नागपूरहूनही येऊ लागला आहे. विचारणाऱ्यांत दुकानदार आहेत, शिक्षिका आहेत, स्वतः दवाखाना चालवणारे डॉक्टरही आहेत. म्हणून सविस्तर लिहितो. तुम्ही स्वतः या परिस्थितीत असाल किंवा अशा कुणाला मदत करत असाल, तर हा लेख जवळ ठेवा.

सगळा घोळ एका जागी होतो. उपचार आणि योजना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, पण खिडकीवर त्यांची सरमिसळ होते. आयुष्मान ही उपचारांचे पैसे सरकारने भरण्याची योजना आहे आणि ती नागरिकत्व, रेशनकार्ड, आधार यांच्याशी बांधलेली आहे. सरकारी रुग्णालयात तपासून घेणं, भरती होणं, औषध मिळणं हे त्या कार्डावर अवलंबून नाही. राज्यघटनेच्या कलम २१ मधला जीविताचा हक्क ‘व्यक्ती’ला दिलेला आहे, फक्त नागरिकाला नाही. अरुणाचल प्रदेशातल्या चकमांच्या प्रकरणात १९९६ साली सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट सांगितलं आहे. त्याच वर्षी पश्चिम बंगालच्या खेत मजदूर समितीच्या खटल्यात, तातडीच्या रुग्णाला सरकारी रुग्णालयाने परत पाठवणं हा त्या हक्काचा भंग आहे, असाही निकाल झाला. कायद्याची एवढी माहिती पुरेशी आहे. आता कामाचं बोलू.

आधी तुमचा कागद ओळखा

‘निर्वासित’ हा शब्द भारतात सैलपणे वापरला जातो. भारताने १९५१ च्या निर्वासित करारावर सही केलेली नाही. त्यामुळे इथे निर्वासितांचं एकच कार्ड नाही, आणि तुमचा हक्क तुमच्या हातात कोणता कागद आहे त्यावर ठरतो. रायपूर आणि आसपास साधारण हे गट दिसतात :

- दीर्घकालीन व्हिसा (एलटीव्ही) असलेले. बहुतेक जण सिंधमधून शदाणी दरबारच्या यात्रेच्या किंवा नातेवाइकांच्या निमित्ताने आलेले हिंदू. धमतरी रस्त्यावरचा दरबार हा त्यांचा पहिला आधार असतो. एलटीव्ही एका वेळी पाच वर्षांपर्यंत मिळू शकतो, त्यावर आधार, पॅन, बँक खातं, वाहन परवाना निघतो आणि नोकरी-धंदाही करता येतो.
- यात्रा किंवा भेटीच्या व्हिसावर आलेले, एलटीव्हीचा अर्ज केलेले. पहलगामच्या हल्ल्यानंतर एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानी नागरिकांचे व्हिसा रद्द झाले, तेव्हा या लोकांचा जीव टांगणीला लागला होता. हिंदू पाकिस्तानी नागरिकांना आधी दिलेले एलटीव्ही मात्र वैध राहिले. अर्जाची पोच कायम सोबत बाळगा.
- माना कॅम्पची बंगाली कुटुंबं. १९६४ पासून पूर्व पाकिस्तानातून आलेले आणि दंडकारण्य प्रकल्पात वसवले गेलेले. यांच्यासाठी खाली वेगळं लिहिलं आहे, कारण यांतले बहुसंख्य निर्वासित नाहीतच.
- मैनपाटचे तिबेटी. यांच्याकडे नोंदणी प्रमाणपत्र असतं. तिबेटी प्रशासनाच्या आरोग्य विभागाची स्वतःची सभासद योजना आहे, तिची चौकशी वसाहतीच्या कार्यालयात करा. आमच्या गोंदिया जिल्ह्यातल्या नोर्ग्येलिंग वसाहतीलाही हेच लागू आहे.
- संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित आयोगाचं कार्ड असलेले. रायपुरात क्वचित. तेच कार्ड ओळखपत्र म्हणून दाखवा.

कार्डाशिवाय काय मिळतं

- अपघात, हृदयविकाराचा झटका, सर्पदंश, बाळंतपणातली गुंतागुंत अशा वेळी तातडीचे उपचार. परमानंद कटारा खटल्याच्या १९८९ च्या निकालानुसार हे बंधन खासगी डॉक्टरांवरही आहे. रुग्णाची प्रकृती स्थिर करणं आधी, कागद नंतर. खासगी रुग्णालय त्याचं बिल लावू शकतं, म्हणून जमेल तिथे सरकारी रुग्णालयच गाठा.
- १०८ ची रुग्णवाहिका, गरोदर बायका आणि बाळांसाठी १०२ ची महतारी एक्सप्रेस. फोनवर नागरिकत्व कुणी विचारत नाही.
- मुलांचं लसीकरण, कुत्रा चावल्यावरची लस.
- क्षयरोगाची तपासणी आणि पूर्ण औषधं. पोषणासाठी दरमहा मिळणारे १००० रुपये थेट बँक खात्यात येतात, त्यामुळे खातं उघडलेलं असलं पाहिजे.
- एचआयव्हीची औषधं, हिवतापाची तपासणी आणि उपचार.
- रस्ते अपघातात जखमी झालेल्या कुणावरही सात दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांपर्यंतचे रोकडविरहित उपचार. ही केंद्राची योजना मे २०२५ मध्ये अधिसूचित झाली आणि ती अपघातग्रस्त ‘व्यक्ती’साठी आहे.

सिंधमधून आणलेलं लसीकरणाचं कार्ड उर्दूत किंवा सिंधीत असलं तरी फेकू नका. त्यावर लसींची नावं आणि तारखा असतात. ते बघून नर्सबाई राहिलेल्या लसी ठरवू शकतात, पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. पाकिस्तानात पोलिओ अजून संपलेला नाही, म्हणून लहान मुलांच्या पोलिओच्या डोसांबाबत अजिबात ढिलाई नको.

कुठे जायचं

साध्या आजाराला थेट मोठ्या रुग्णालयात जाऊ नका. वॉर्डातलं हमर क्लिनिक किंवा हमर अस्पताल गाठा. तिथे गर्दी कमी असते आणि ओळख लवकर होते. त्याहून मोलाची म्हणजे तुमच्या वस्तीची मितानिन. छत्तीसगडने २००२ साली सुरू केलेली ही आरोग्यसेविका देशभरातल्या आशांच्या आधीची आहे. तिला घर माहीत असलं की निम्मी वाट सोपी होते. ती सोबत असली की खिडकीवरची भाषा बदलते, हे मी अनेकदा पाहिलं आहे.

तिथून पुढे पंडरीचं जिल्हा रुग्णालय, माना आणि आसपासच्यांसाठी मान्याचं सिव्हिल हॉस्पिटल, बाळंतपणासाठी कालीबाडीचं रुग्णालय. त्याहून गंभीर असेल तर डॉ. भीमराव आंबेडकर रुग्णालय, ज्याला सगळं शहर ‘मेकाहारा’ म्हणतं. किडनी, मेंदू, प्लास्टिक सर्जरी अशा विशेष उपचारांसाठी डीकेएस रुग्णालय. शेवटी टाटीबंधचं एम्स. एम्समध्ये आभा क्रमांकावरून ऑनलाइन वेळ घेता येते. आभा हा फक्त नोंदींचा क्रमांक आहे. तो म्हणजे आयुष्मान कार्ड नव्हे, आणि तो काढल्याने कुठलाही विमा मिळत नाही. ही दोन नावं एकमेकांत मिसळून लोकांनी फार मनस्ताप करून घेतला आहे.

खिडकीवर काय बोलायचं

‘आधार दो, आयुष्मान दो’ असं पलीकडून येतं. गडबडलेला माणूस ‘नहीं है’ म्हणतो आणि मागे वळतो. तसं करू नका. पर्चीवर नाव, वय, वडिलांचं किंवा पतीचं नाव, पत्ता एवढंच आधी लागतं. शांतपणे म्हणा, ‘योजना में नहीं, सामान्य मरीज में लिख दीजिए.’ या एका वाक्याने बहुतेक वेळा काम होतं, कारण खिडकीवरच्या माणसाला तुमचा हक्क नाकारायचा नसतो, त्याला त्याचा रकाना भरायचा असतो.

आधार असेल तर तेच द्या. नसेल तर एलटीव्हीची प्रत किंवा पासपोर्टची प्रत द्या. मूळ पासपोर्ट कुणाच्याही ताब्यात ठेवू नका. एका प्लास्टिकच्या फोल्डरमध्ये या गोष्टी कायम तयार असू द्या : एलटीव्ही आणि निवासी परवान्याच्या दोन-दोन प्रती, भाड्याचा करार किंवा पत्त्याचा पुरावा, जुने औषधांचे कागद, रक्तगट आणि चालू गोळ्यांची देवनागरीत लिहिलेली यादी. म्हाताऱ्या माणसांना हिंदी वाचता येत नाही, काहींना देवनागरीच येत नाही. शेजारी म्हणून तुम्ही करू शकाल असं सगळ्यात उपयोगी काम म्हणजे ही यादी लिहून देणं.

सामान्य रुग्ण म्हणून नोंद झाली की काही तपासण्यांचे पैसे लागू शकतात. तेही झेपत नसतील तर अधीक्षकांच्या नावे साधा अर्ज द्या. छत्तीसगडच्या प्रत्येक सरकारी रुग्णालयात जीवनदीप समिती असते, आणि गरीब रुग्णाचं शुल्क माफ करणं तिच्या हातात असतं. एम्समध्ये वैद्यकीय समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा. या दोन जागा लोकांना ठाऊकच नसतात.

आयुष्मानचं खरं काय

छत्तीसगडमध्ये केंद्राची आयुष्मान योजना आणि राज्याची योजना एकत्र चालते. आता तिला शहीद वीर नारायण सिंह यांचं नाव आहे. अंत्योदय आणि प्राधान्य रेशनकार्ड असलेल्या कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत, इतर रेशनकार्डधारकांना पन्नास हजारांपर्यंत उपचार मिळतात. म्हणजे इथली किल्ली रेशनकार्ड आहे. एलटीव्हीवर आधार निघतं, पण रेशनकार्ड निघत नाही, म्हणून कार्ड अडतं. सत्तरीपुढच्यांचं वय वंदना कार्ड आधारवर निघतं, पण नागरिक नसलेल्यांनी ते काढण्याआधी सीएमएचओ, म्हणजे जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय व आरोग्य अधिकाऱ्यांच्या, कार्यालयात लेखी विचारून घ्या.

माझं मत स्पष्ट आहे : ज्याला सरकारने स्वतः पाच-पाच वर्षं राहायची, कमवायची आणि कर भरायची परवानगी दिली, त्याला या योजनेबाहेर ठेवणं चुकीचं आहे. पण आजचा नियम तो आजचा. त्याच्या आत काय करता येतं ते बघा.

पहिलं, घरात कोण नागरिक आहे ते नीट तपासा. नवरा एलटीव्हीवर आणि बायको भारतीय असेल, तर तिचं नाव रेशनकार्डात येऊ शकतं. मुलांचं तर आवर्जून बघा. ३ डिसेंबर २००४ नंतर भारतात जन्मलेल्या मुलाचे आई किंवा वडील नागरिक असतील, आणि दुसरा पालक बेकायदा राहणारा नसेल, तर ते मूल जन्माने भारतीय नागरिक आहे. वैध एलटीव्हीवर असलेला पालक ‘बेकायदा’ ठरत नाही. पण त्याची मुदत संपून गेली असताना मूल जन्मलं तर हाच मुद्दा अडचणीत येतो. म्हणून मुदतवाढीचा अर्ज वेळेआधी करा, हे मी पुन्हा पुन्हा सांगतो. परदेशी रहिवाशाचं आधारही व्हिसाच्या मुदतीपुरतंच चालतं, त्यामुळे एक कागद संपला की दुसराही संपतो.

दुसरं, नोकरी. दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनात, महिना २१,००० रुपयांपर्यंत पगारावर काम करणाऱ्याला कामगार राज्य विमा, म्हणजे ईएसआय, लागू होतो. कायद्यात ‘कोणतीही व्यक्ती’ असं म्हटलंय, नागरिकत्वाची अट नाही. कामगाराचा वाटा ०.७५ टक्के, मालकाचा ३.२५ टक्के. पंडरीच्या कापड बाजारात, तेलीबांध्यात दुकानं चालवणाऱ्या वाचकांनो, तुमच्याकडे एलटीव्हीवरचा मुलगा कामाला असेल आणि माणसांची संख्या बसत असेल, तर त्याची नोंद करा. त्याच्यासह त्याच्या बायका-पोरांना उपचारांची हमी मिळते, आणि ती कुणाच्या मेहेरबानीवर नसते.

तिसरं, नागरिकत्व. ३१ डिसेंबर २०१४ पर्यंत आलेल्या पाकिस्तान, बांगलादेश, अफगाणिस्तानातल्या सहा अल्पसंख्य समाजांसाठी २०१९ च्या सुधारित कायद्याचा मार्ग आहे, त्याचे नियम ११ मार्च २०२४ ला निघाले. त्यानंतर आलेल्यांसाठी जुना मार्ग आहे, आणि रायपूरच्या जिल्हाधिकाऱ्यांना २०१६ पासून त्याचे अधिकार आहेत. प्रमाणपत्र मिळाल्यावर थांबू नका : झोन कार्यालयातून रेशनकार्ड, मग चॉईस सेंटरवर आयुष्मान. अनेक कुटुंबं प्रमाणपत्र फ्रेम करून लावतात आणि कार्ड काढायचं राहून जातं. आजारपण त्याची वाट बघत नाही.

थॅलेसेमिया : सिंधी कुटुंबांनी हे वगळू नये

सिंधी समाजात थॅलेसेमियाचे वाहक मोठ्या प्रमाणात आहेत. आई आणि वडील दोघेही वाहक असले तर प्रत्येक गर्भारपणात मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाला स्वतःला काही त्रास नसतो, म्हणून कळत नाही. साध्या रक्ततपासणीत लाल पेशी लहान दिसल्या तर डॉक्टर एचबीए-टूची तपासणी सांगतात. ती लग्नाआधी, निदान गर्भारपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत झालीच पाहिजे.

आजार असलेल्या मुलाला दर दोन-चार आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. असं मूल हातावर मनगटापासून कोपरापर्यंत सुयांच्या खुणा घेऊन येतं, आणि त्याची आई वहीत प्रत्येक वेळचं हिमोग्लोबिन लिहून ठेवते. ती वही कुठल्याही कार्डापेक्षा महत्त्वाची आहे, ती हरवू देऊ नका. अशा रुग्णांना रक्त मोफत द्यावं, हे राष्ट्रीय रक्त संक्रमण परिषदेचं धोरण आहे आणि ते खासगी रक्तपेढ्यांनाही लागू आहे. त्यात नागरिकत्वाचा प्रश्न येत नाही. रक्तपेढीने बदली रक्तदाता मागितला तर धोरणाचा उल्लेख करून प्रभारी डॉक्टरांशी बोला. रक्तासोबत शरीरात लोह साठतं, ते काढणाऱ्या गोळ्या रोज घ्याव्या लागतात. त्या सरकारी रुग्णालयाच्या औषधखिडकीवर आधी मागा, बाहेर त्या महाग पडतात.

बाळंतपण आणि जन्मदाखला

जननी-शिशु सुरक्षा कार्यक्रम २०११ पासून आहे. सरकारी रुग्णालयात बाळंत होणाऱ्या प्रत्येक स्त्रीला बाळंतपण, सिझेरियन, औषधं, तपासण्या, रक्त, जेवण आणि ने-आण मोफत आहे. पैसे मागितले गेले तर ते चूक आहे. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची तज्ज्ञांकडून तपासणी होते, ती चुकवू नका.

जन्माची नोंद आई-वडिलांच्या नागरिकत्वावर अवलंबून नसते. रुग्णालयातला जन्म रुग्णालयच कळवतं. २१ दिवसांत नोंद फुकट होते. १ ऑक्टोबर २०२३ नंतर जन्मलेल्यांसाठी शाळा, परवाना, सगळीकडे जन्मतारखेचा पुरावा म्हणून हा दाखलाच लागणार आहे, तेव्हा डिस्चार्ज घेतानाच विचारा. आई-वडील दोघेही एलटीव्हीवर असतील तर बाळाच्या जन्माची माहिती महिन्याच्या आत पोलिसांच्या विदेशी शाखेलाही द्यावी लागते. हे राहून गेलं की पुढे बाळाचा स्वतःचा एलटीव्ही अडतो.

माना कॅम्पच्या वाचकांना

तुमच्या पत्त्यात ‘कॅम्प’ आहे म्हणून तुम्ही निर्वासित ठरत नाही. २६ जानेवारी १९५० पासून ३० जून १९८७ पर्यंत भारतात जन्मलेला माणूस जन्माने भारतीय नागरिक आहे, आई-वडील कुठून आले याला महत्त्व नाही. त्यांच्या मुलांनाही त्यांच्यामुळे बहुतांशी नागरिकत्व मिळतं. जन्मदाखला किंवा शाळेचा दाखला जपून ठेवा. कुणी आयुष्मानसाठी ‘रिफ्यूजी’ म्हणून अडवलं, तर कारण लेखी मागा. ते सहसा देता येत नाही.

उपचारांसाठी नागपूर, मुंबई

रायपूरचा माणूस गंभीर आजाराला सहज नागपूरची गाडी पकडतो. एलटीव्हीवर असाल तर तसं करू नका. राज्यात फिरायला मोकळीक आहे, राज्याबाहेर जायला आधी परवानगी लागते. डॉक्टरांचं रेफरल पत्र जोडून विदेशी शाखेत अर्ज द्या. जीव जायची वेळ असेल तर आधी दवाखाना, आणि शक्य तितक्या लवकर, शक्यतो त्याच दिवशी, ईमेलने कळवा. ईमेलची प्रत ठेवा.

महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत तपासणी-उपचार मोफत आहेत. पण नागपूरची मेडिकल आणि मेयो ही रुग्णालयं वैद्यकीय शिक्षण विभागाखाली येतात, तिथे हा निर्णय लागू नाही.

भरती झालं की पोलिसांना कळतं का?

हो, कळवलं जातं. १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झालेल्या परदेशी नागरिकांच्या नव्या कायद्यानुसार, भरती झालेल्या परदेशी रुग्णाची माहिती रुग्णालयाने नोंदणी अधिकाऱ्याला द्यायची असते. तुमचा एलटीव्ही वैध असेल तर यात भ्यायचं काही नाही, ही नेहमीची नोंद आहे. मुदत संपली असेल, तर ३१ डिसेंबर २०२४ पर्यंत छळामुळे आलेल्या वर सांगितलेल्या तीन देशांच्या सहा समाजांना दंडातून सूट आहे. ती घेऊन कागद नियमित करा. या भीतीपोटी छातीत दुखत असताना घरी बसणं हा सगळ्यात वाईट निर्णय.

हे कधीही करू नका

- दुसऱ्याच्या आयुष्मान कार्डावर भरती होणं. हा गुन्हा आहे, आणि नागरिकत्वाच्या अर्जावर कायमचा डाग.
- दलालाकडून रेशनकार्ड किंवा मतदार ओळखपत्र ‘बनवून’ घेणं.
- जन्मस्थान खोटं सांगणं.

नकार मिळाला तर

आधी अधीक्षक, मग सीएमएचओ, मग कलेक्टरचं जनदर्शन. आरोग्याच्या माहितीसाठी १०४. अर्जात तारीख, वेळ, खिडकी आणि काय म्हटलं गेलं ते तसंच लिहा. नकार उपचाराला होता की योजनेला, हे पहिल्या ओळीत यायला हवं, नाहीतर उत्तर भलत्याच प्रश्नाला मिळतं. बिल थकलं म्हणून रुग्णाला किंवा मृतदेहाला अडकवून ठेवता येत नाही, हे रुग्णहक्कांच्या सनदेत आहे. स्त्रिया, मुलं आणि अपंग व्यक्तींना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून वकील फुकट मिळतो, नागरिक नसले तरीही. त्याचा क्रमांक १५१००. थॅलेसेमिया हा २०१६ च्या कायद्यात अपंगत्वाच्या यादीत आहे, म्हणून त्या मुलांचे पालक हाच क्रमांक वापरू शकतात. तरीही दाद लागली नाही, तर राज्य मानवाधिकार आयोगाचं कार्यालय रायपुरातच आहे. साध्या कागदावरची, देवनागरीत हाताने लिहिलेली तक्रारही तिथे चालते.